लायनरला सुरकुत्या का पडतात : पूलच्या पाण्याचा हिशेब

मे महिन्यात पूलवरचं हिवाळी कव्हर काढलं की उथळ बाजूच्या तळाला कधीकधी बोटभर उंचीची वळी दिसते. पाय ठेवला की दबते, पाय उचलला की पुन्हा उभी राहते. मागच्या सप्टेंबरात ती तिथे नव्हती. बसवणाऱ्याने लायनर, म्हणजे पूलला आतून लावलेला प्लास्टिकचा कागद, नीट ताणला नाही, असं बहुतेकांना पहिल्यांदा वाटतं. पण सात-आठ वर्षं सपाट राहिलेला लायनर एका हिवाळ्यात सुरकुततो, तेव्हा दोष बसवणाऱ्याचा नसतो. दोष पाण्याचा असतो, आणि बहुतेक वेळा ते पाणी आंबट झालेलं असतं.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्कची उपनगरं, कॅनडातलं ओंटारिओ या पट्ट्यात मागच्या अंगणातले पूल पुष्कळदा व्हिनाइल लायनरचेच असतात. घर घेताना पूल घराबरोबर येतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात दुकानदार दोन बादल्या क्लोरीनच्या गोळ्या आणि एक कॅल्शियमचं पोतं गाडीत ठेवून देतो. त्या गोळ्यांनी लायनरचं आयुष्य कमी होतं आणि त्या कॅल्शियमची लायनरला गरज नसते. नवीन लायनर बसवायला काही हजार डॉलर लागतात, त्यामुळे हा हिशेब एकदा शांतपणे समजून घेतलेला बरा.

लायनर म्हणजे नेमकं काय

महाराष्ट्रात शेततळ्यात जे प्लास्टिक अंथरतात त्याला शेतकरी 'कागद' म्हणतात. तो ५०० मायक्रॉनचा असतो. पूलचा २० मिलचा लायनर साधारण तेवढ्याच जाडीचा, म्हणजे अर्धा मिलीमीटर. २७-२८ मिलचा सुमारे ०.७ मिलीमीटर आणि ३० मिलचा पाऊण मिलीमीटर. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सारखेपणा इथेच संपतो. शेततळ्याचा कागद एचडीपीईचा असतो, पूलचा लायनर पीव्हीसीचा, म्हणजेच व्हिनाइलचा. पीव्हीसी मूळचं कडक, नळाच्या पाइपसारखं. ते चादरीसारखं मऊ व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट पदार्थ मिसळतात. लायनर म्हातारा होतो म्हणजे हा पदार्थ हळूहळू निघून जातो, कागद कडक होतो, आक्रसतो आणि कोपऱ्यात किंवा पायरीजवळ फाटतो. ऊन, गरम पाणी, जास्त क्लोरीन आणि आंबट पाणी या चौघांमुळे हे लवकर होतं. वरची टाइलची नक्षी तर नुसती छापलेली असते. तिचा रंग एकदा उडाला की परत आणता येत नाही.

पीएच, म्हणजे पाणी किती आंबट आहे ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली (आंबट बाजूला) बराच काळ राहिला की आणखी एक गोष्ट होते. पीव्हीसी पाणी शोषून फुगतं. चारही बाजूंनी कडेच्या खाचेत अडकलेल्या आणि वरून हजारो गॅलन पाण्याखाली दबलेल्या कागदाला पसरायला जागाच नसते. मग जिथे पाण्याचं वजन कमी, तिथे, म्हणजे उथळ बाजूला, तो वळी धरतो. पुढे पीएच सुधारला तरी ती वळी सहसा जात नाही. कोमट पाण्यात पायाने सरकवून किंवा स्वच्छ प्लंजरने ओढून लहान वळ्या थोड्या बसतात, मोठ्या बसत नाहीत.

सुरकुतीचं दुसरं कारण जमिनीतलं पाणी. मोठ्या पावसानंतर भूजल वर आलं की लायनर खालून उचलला जातो आणि परत बसताना वेडावाकडा बसतो. फरक ओळखायचा तो असा : तळ पायाला गादीसारखा मऊ, हलता लागत असेल तर खाली पाणी आहे. तळ घट्ट आहे आणि फक्त वळ्याच उभ्या आहेत, तर पीएचच्या नोंदी तपासा.

गोळ्यांचा हिशेब

आंबट पाणी येतं कुठून? पावसाने थोडं येतं, पण मुख्य वाटा तीन इंची गोळ्यांचा. ही गोळी म्हणजे ट्रायक्लोर. तिच्याभोवतीच्या पाण्याचा पीएच ३ च्या आसपास असतो, जवळजवळ व्हिनेगरइतका आंबट. शिवाय ती विरघळताना क्लोरीनबरोबर सायन्यूरिक ॲसिडही सोडते. दुकानात यालाच स्टॅबिलायझर किंवा कंडिशनर म्हणतात. उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून ते थोडं हवंच असतं, पण क्लोरीन खर्च होतं आणि स्टॅबिलायझर पाण्यातच राहतं.

आकडे मांडून पाहू. १६ बाय ३२ फुटांचा, सरासरी ५ फूट खोल पूल धरला तर लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली गुणिले ७.५, म्हणजे सुमारे १९,००० गॅलन. सोयीसाठी २०,००० गॅलन, म्हणजे अंदाजे ७५,००० लिटर धरू. खालची सगळी मापं याच पूलची आहेत, आपल्या पूलच्या प्रमाणात कमीजास्त करावीत. या पाण्यात ८ औंसांची एक गोळी पूर्ण विरघळली की क्लोरीन साधारण २.७ पीपीएम (दहा लाखांत २.७ भाग) वाढतं आणि स्टॅबिलायझर १.६ पीपीएम. भर उन्हाळ्यात पूल रोज २ ते ३ पीपीएम क्लोरीन खातो, म्हणजे दिवसाला एक गोळी. तीस दिवसांत स्टॅबिलायझर जवळपास ५० पीपीएमने वर. जूनच्या सुरुवातीला ३० असलेला आकडा ऑगस्टच्या सुरुवातीला १३० झाला तर त्यात नवल नाही.

स्टॅबिलायझर जितकं जास्त, तितकं क्लोरीन बांधलं जातं आणि तितकं जास्त क्लोरीन ठेवावं लागतं. लक्षात ठेवायला सोपं माप म्हणजे क्लोरीन कधीही स्टॅबिलायझरच्या ७.५ टक्क्यांखाली जाऊ द्यायचं नाही. स्टॅबिलायझर ५० असेल तर क्लोरीन किमान ४. ते १३० वर गेलं की किमान १० लागतं. घरचा माणूस ३ वर समाधानी असतो, पाणी हिरवं होतं, मग तो शॉकच्या, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन देणाऱ्या पावडरच्या, पिशव्यांवर पिशव्या ओततो आणि त्याचा मार लायनरला बसतो. तोवर गोळ्यांनी पाण्याची अल्कलिनिटीही खाऊन टाकलेली असते. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल झेलायची पाण्याची ताकद. ती ५०-६० च्या खाली गेली की पीएच अडवणारं काही उरत नाही आणि तो एका आठवड्यात ७.४ वरून ६.८ वर येतो.

म्हणून सरळ सांगायचं तर लायनरच्या पूलला रोजचं क्लोरीन द्रवरूपात घाला. १० टक्क्यांच्या लिक्विड क्लोरीनचा एक गॅलन आपल्या २०,००० गॅलनमध्ये क्लोरीन ५ पीपीएमने वाढवतो. म्हणजे दिवसाला अर्धा गॅलन. हे संध्याकाळी, पंप चालू ठेवून, खोल बाजूच्या रिटर्नच्या (पंपातून पाणी पूलमध्ये परत येतं त्या नळीच्या) तोंडासमोर बारीक धारेने ओतायचं. गोळ्यांचा उपयोग आठवडाभर गावाला जाताना करावा, तोही स्टॅबिलायझर मोजून. स्टॅबिलायझर ३० ते ५० च्या मध्ये ठेवा. मुळात कमी असेल तर १० पीपीएम वाढवायला साधारण पावणेदोन पौंड लागतं. त्याचे दाणे तळावर टाकू नका. ते सावकाश विरघळतात आणि आम्ल असतात. जुन्या मोज्यात भरून मोजा रिटर्नसमोर टांगा आणि अधूनमधून हाताने दाबा.

गोळी वापरायचीच असेल तर दोन जागा कटाक्षाने टाळायच्या. पहिली म्हणजे पूलचा तळ किंवा पायरी. तिथे पडलेली गोळी एका रात्रीत बशीएवढा पांढरा गोल उमटवते. भोवती निळी नक्षी, मध्ये कोरा कागद आणि कडेला फिकट पिवळी रेघ. तेवढ्या भागातली छपाई कायमची गेलेली असते आणि तिथलं प्लास्टिक नखाला कडक लागतं. दुसरी जागा म्हणजे पंप बंद असतानाचा स्किमर (पाण्याच्या रेषेवरचं, वरचा कचरा ओढून घेणारं तोंड). रात्रभर गोळी त्या दोन-तीन गॅलन पाण्यात विरघळत राहते, तिथे तीव्र आम्ल तयार होतं आणि सकाळी पंप सुरू झाला की ते सगळं हीटरच्या तांब्याच्या नळ्यांमधून जातं. स्किमरच्या तोंडाभोवतीचा लायनर आणि गॅस्केट पांढरे पडतात ते यानेच. गोळ्या ठेवायचा तरंगता डबाही वाऱ्याने एकाच कोपऱ्यात जाऊन बसतो आणि तिथला लायनर खातो. दोरीने बांधून मध्यभागी ठेवता येत असेल तरच तो वापरा.

पावडरचा शॉक, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, वापरणार असाल तर आधी बादलीत पूलचं पाणी घ्या, त्यात पावडर टाका, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं पाणी ओता. न विरघळलेला दाणा लायनरवर बसला की ठिपका पडतोच. ही पावडर आणि ट्रायक्लोरच्या गोळ्या कधीही एका डब्यात, एका मापात किंवा एका फीडरमध्ये एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही 'क्लोरीन' असल्या तरी एकत्र आल्या की पेट घेतात, स्फोटही होतो. लिक्विड क्लोरीन आणि म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड शेजारीशेजारी ठेवू नका. दोन्ही मिसळले तर विषारी वायू सुटतो.

मोजायचं कसं

चाचणीच्या पट्टीवरचे रंग जुळवून अल्कलिनिटी ८० आहे की १२० हे ठरवता येत नाही. थेंबांचं किट घ्या, आणि त्यात क्लोरीनसाठी एफएएस-डीपीडी (थेंब मोजून क्लोरीन सांगणारी) चाचणी आहे याची खात्री करा. नमुना कोपरभर खोलीवरून, रिटर्नपासून लांब घ्यायचा. वरचं पाणी उन्हाने आणि कचऱ्याने बदललेलं असतं.

अल्कलिनिटीची चाचणी अशी : २५ मिलिलिटर पाणी, त्यात क्लोरीन मारणाऱ्या द्रवाचे दोन थेंब, मग रंगाचे पाच थेंब. पाणी हिरवं होतं. आता आम्लाचा एकेक थेंब टाकत नळी गोल फिरवायची. हिरवा रंग राखाडी होतो, मग एका थेंबात लाल. लाल झाल्यावर आणखी एक थेंब टाकून पाहा. रंग बदलला नाही तर तो थेंब मोजायचा नाही. प्रत्येक थेंब १० पीपीएमचा, म्हणजे नऊ थेंब लागले तर अल्कलिनिटी ९०. क्लोरीन फार असेल तर हिरव्या-लाल ऐवजी निळा-पिवळा रंग दिसतो. त्याने गोंधळू नका, मोजणी तशीच करायची.

पीएचची चाचणी शॉक घातल्यावर करू नका. क्लोरीन १० पीपीएमच्या वर असेल तर पीएचच्या चाचणीतल्या फिनॉल रेड या द्रवाचा रंग जांभळट होतो आणि पीएच आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. ते पाहून माणूस ॲसिड ओततो आणि ठीक असलेलं पाणी आंबट करून बसतो. लायनर बिघडण्याची ही एक नेहमीची वाट आहे. स्टॅबिलायझरच्या चाचणीत नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत गढूळ पाणी ओतायचं असतं. उन्हाकडे पाठ करा, नळी कमरेच्या उंचीवर आपल्याच सावलीत धरा. घरातल्या ट्यूबलाइटखाली हा आकडा चुकतो.

क्लोरीन आणि पीएच उन्हाळ्यात एक दिवसाआड, अल्कलिनिटी आठवड्याला, स्टॅबिलायझर आणि हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम) महिन्याला. आकडे वहीत तारखेसह लिहा. लायनरच्या वॉरंटीच्या कागदावर पीएच आणि क्लोरीनच्या मर्यादा बहुधा छापलेल्या असतात, आणि सुरकुत्या व रंग उडणं बहुधा वगळलेलं असतं. बोलायची वेळ आली तर ही वहीच कामी येते.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. स्टॅबिलायझर आणि मीठ उन्हाने उडून जात नाहीत. पाणी वाफ होऊन जातं, ते मागे राहतात. बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणं) केलेला नाही, पाणी काढलेलं नाही, तरी जुलैत स्टॅबिलायझर ५० वरून ३५ झालं, तर कुठेतरी गळती असण्याची शंका घ्या, नळाचं ताजं पाणी ती झाकत असेल. स्किमर, रिटर्न आणि तळाच्या जाळीच्या चौकटी, तिथली गॅस्केट आधी बघा. पंप बंद करून चौकटीजवळ रंगाचा एक थेंब सोडला की तो आत ओढला जातो का ते दिसतं.

दुरुस्त करताना

आधी अल्कलिनिटी, मग पीएच. उलट केलं तर दोन्ही पुन्हा करावे लागतात. अल्कलिनिटी १० ने वाढवायला आपल्या पूलमध्ये सुमारे ३ पौंड खायचा सोडा लागतो. दुकानात 'अल्कलिनिटी अप' म्हणून जे विकतात तेही सोडियम बायकार्बोनेटच, आणि किराणा दुकानातली मोठी पिशवी बरीच स्वस्त पडते. लिक्विड क्लोरीन वापरणाऱ्यांनी अल्कलिनिटी ७० ते ९० ठेवावी. गोळ्या वापरत असाल तर १०० ते १२०. मिठापासून यंत्राने क्लोरीन बनवणाऱ्या पूलमध्ये पीएच आपोआप वर चढत राहतो, तिथे ६० ते ८० पुरे.

पीएच ७.४ ते ७.६ हा मुक्कामाचा आकडा. ७.२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, ७.८ च्या वर राहू द्यायचा नाही. कमी असेल आणि अल्कलिनिटीही कमी असेल तर धुण्याचा सोडा चालतो. ३४० ग्रॅम, म्हणजे १२ औंस, साधारण ०.२ ने वाढवतो. अल्कलिनिटी आधीच पुरेशी असेल तर बोरॅक्स घ्या, किंवा नुसती रिटर्नची तोंडं वर वळवून पाण्याला खळखळ करू द्या. हवेशी खेळलं की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच फुकटात वर येतो.

पीएच जास्त असेल तर ३१.४५ टक्क्यांचं म्युरिॲटिक ॲसिड. ७.८ वरून ७.६ वर यायला आपल्या पूलला अर्धा क्वार्ट, म्हणजे १६ औंस, ही सुरुवात. पंप चालू, वाऱ्याकडे पाठ, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, आणि खोल बाजूच्या रिटर्नसमोर पेन्सिलीएवढ्या धारेने. ॲसिड पाण्यापेक्षा जड असतं. पंप बंद असताना एका जागी ओतलं तर ते थेट तळाला जाऊन लायनरवर पसरतं आणि वरच्या पाण्याचा पीएच ठीक दिसत असतानाच खालची नक्षी खात राहतं. ओतल्यावर त्या भागाला नायलॉनच्या ब्रशने एकदा झाडून घ्या. बादलीत पातळ करायचं असेल तर आधी पाणी, मग ॲसिड. तासाभराने मोजा आणि लागलं तरच पुढचा डोस.

ब्रश नायलॉनचाच हवा, तारेचा नको. व्हॅक्यूमचं डोकंही खाली केस असलेलं घ्या, चाकांचं काँक्रीटच्या पूलसाठी असतं. पाण्याच्या रेषेवरचा सनस्क्रीनचा चिकट पट्टा काढायला मऊ फडक्यावर खायचा सोडा घ्यावा. भिंतीवरचे डाग पुसायचा तो पांढरा स्पंज बारीक सँडपेपरसारखा असतो. पट्टा जातो आणि नक्षीही जाते.

कॅल्शियमचा प्रश्न

काँक्रीटच्या, प्लास्टर केलेल्या किंवा टाइल लावलेल्या पूलमध्ये पाण्यात कॅल्शियम कमी असलं तर पाणी ते प्लास्टरमधून आणि टाइलच्या सांध्यांतून ओढून घेतं. कर्जत-लोणावळ्याकडच्या फार्महाउसवरचे पूल बहुतेक असेच बांधलेले असतात, त्यामुळे तिकडच्या ऑपरेटरचा सल्ला इकडे जसाच्या तसा लावू नका आणि इकडचा तिकडे सांगू नका. पीव्हीसीत कॅल्शियमचं असं बांधकाम नाही, तेव्हा पाणी ओढणार काय? हीटरची तांब्याची नळी वाचवायची असेल तर तिलाही पीएच सांभाळायला लागतो. वॉरंटीच्या कागदावर हार्डनेसचा खालचा आकडा छापलेला असेल तर तो पाळा. नसेल तर कॅल्शियमचं पोतं घेऊ नका.

वरची मर्यादा मात्र लायनरलाही लागू आहे. हार्डनेस ४०० च्या पुढे आणि पीएच ७.८ च्या वर राहिला की पाण्याच्या रेषेवर पांढरे क्षार धरतात, बोटाला खरखरीत लागतात. पाणी क्षार सोडेल की ओढेल ते मोजायला लँगेलियरचा निर्देशांक आहे, १९३६ सालापासूनचा, मुळात शहरांच्या नळांसाठी केलेला. पीएच ७.५, पाणी ८४ फॅरनहाइट असेल तर तापमानाचे ०.७, हार्डनेस २०० चे १.९, अल्कलिनिटी १०० चे २.०. बेरीज १२.१. त्यातून सूत्रातले ठरावीक १२.१ वजा केले की शून्य, म्हणजे पाणी ना क्षार सोडतं ना ओढतं. अल्कलिनिटी धरताना स्टॅबिलायझरचा एक तृतीयांश आधी वजा करायचा. स्टॅबिलायझर ४५ असेल तर मोजलेल्या ११५ चे १००. उत्तर अधिक ०.३ च्या वर गेलं की क्षारांची भीती. उणे बाजू प्लास्टरवाल्यांची काळजी आहे, आपण तिथे फक्त पीएच बघायचा.

डाग

डागाला आधी ओळखा, मग औषध. पिवळट-तपकिरी डागावर व्हिटॅमिन सीची गोळी अर्धा मिनिट दाबून धरा. खाली फिकट झालं तर लोखंड. विहिरीच्या पाण्याने पूल भरणाऱ्यांकडे हे नेहमी दिसतं, आणि अशा पाण्यात सुरुवातीलाच भरपूर क्लोरीन घातलं तर सगळं लोखंड लायनरवर उतरतं. आधी धातू धरून ठेवणारं सीक्वेस्ट्रंट, मग हळूहळू क्लोरीन. निळसर-हिरवट डाग तांब्याचे. ते शेवाळनाशकातून येतात किंवा आंबट पाण्याने खाल्लेल्या हीटरमधून. पानांचा डाग क्लोरीनने आपोआप जातो.

गुलाबी किंवा जांभळट डाग, जो क्लोरीनने फिका होतो आणि पंधरा दिवसांत त्याच जागी परत येतो, तो लायनरच्या मागच्या बाजूने आलेला असतो. मागे ओलसर मातीत वाढणारे जंतू रंग सोडतात आणि तो प्लास्टिकमधून झिरपतो. करड्या-काळ्या ढगासारख्या डागांचंही पुष्कळदा हेच. यावर पाण्यात काहीही घालून उपयोग नाही. घासू नका, शॉक मारू नका. लायनर बदलताना मागची बाजू निर्जंतुक करणं आणि भूजल बाहेर काढायची सोय करणं एवढाच इलाज आहे.

पाणी बदलणं

स्टॅबिलायझर १२० वर गेलं तर ते उतरवायला पाणी बदलणं हाच खात्रीचा मार्ग. ६० करायला अर्धं पाणी काढावं लागतं. पण लायनरचा पूल रिकामा करायचा नाही. पाण्याचं वजन लायनरला भिंतीशी आणि तळाशी धरून ठेवतं. ते गेलं की जुना कागद आक्रसतो आणि परत भरताना कोपऱ्यात फाटतो, शिवाय बाहेरच्या मातीच्या दाबाने भिंतही आत येऊ शकते. उथळ बाजूला किमान एक फूट पाणी राहिलंच पाहिजे. थोडं काढा, भरा, एक दिवस पंप फिरवा, मोजा, पुन्हा थोडं काढा. मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात हे काम काढू नका, भूजल वर असतं. थंड दिवसातही नको, कागद कडक झालेला असतो.

कव्हरखाली

शॉक घातल्यावर सोलर कव्हर लगेच ओढू नका. कव्हरखाली क्लोरीन कोंडतं आणि पाण्याच्या रेषेवरचा पट्टा पांढरा पडतो. क्लोरीन नेहमीच्या पातळीवर आलं की मगच कव्हर घाला. हीटर असेल तर पाणी ९० फॅरनहाइटच्या पुढे नेऊ नका, गरम पाण्यात प्लास्टिसायझर लवकर निघतो.

हिवाळ्यासाठी पूल बंद करताना पाणी ६० फॅरनहाइटखाली येईपर्यंत थांबा. या भागात ते साधारण ऑक्टोबरात येतं. बंद करण्याच्या आठवडाभर आधी पीएच ७.५, अल्कलिनिटी १०० ते १२०, क्लोरीन वर नेऊन पुन्हा खाली येऊ द्यायचं आणि मगच कव्हर. जाळीचं सेफ्टी कव्हर असेल तर अल्कलिनिटी १२० लाच ठेवा, कारण हिवाळाभर पावसाचं आणि बर्फाचं पाणी आत येतं आणि त्यात आम्ल झेलायची ताकद जवळजवळ नसते. कव्हरखाली गोळ्यांचा तरंगता डबा ठेवू नका. तो एका जागी अडकतो, पंप बंद असल्यामुळे त्याचं आंबट पाणी कुठेही जात नाही, आणि मेमध्ये तिथे पांढरा डाग आणि भोवती वळ्या सापडतात.

मार्चमध्ये बर्फ वितळलं की कव्हरची एक कडी सोडून कोपरभर खालून नमुना घ्या. पीएच ७.२ च्या खाली असेल तर वाट न बघता त्याच दिवशी बादलीत विरघळवलेला धुण्याचा सोडा चार-पाच ठिकाणी ओता आणि लांब दांड्याच्या ब्रशने पाणी हलवा. पंप तेव्हा अजून जोडलेला नसतो. मेमध्ये उघडल्यावर स्टॅबिलायझर शून्याजवळ आलं असेल आणि घातलेलं क्लोरीन तासाभरात गायब होत असेल, तर हिवाळ्यात जंतूंनी स्टॅबिलायझर खाऊन अमोनिया केलेला असतो. तेव्हा दर थोड्या वेळाने लिक्विड क्लोरीन थोडं थोडं घालत राहा, एकदम पाच गॅलन ओतू नका. क्लोरीन टिकायला लागलं की मोज्यातून स्टॅबिलायझर घाला. हीटर सर्वांत शेवटी सुरू करा, पीएच ७.४ ला स्थिर झाल्याचं दोन दिवस लागोपाठ वहीत उतरल्यावर.